थकबाकी

सोमवार, रात्री.

आज सकाळी वाण्याच्या दुकानात मोबाइलवरून पैसे जाईनात. काउंटरवरचा मुलगा अगदी सहज म्हणाला, "काका, राहू द्या, उद्या द्या." सामान जेमतेम १४० रुपयांचे होते. मी ते तसेच तिथे ठेवून घरी आलो, कपाटातून पैसे काढले, परत जाऊन त्याच्या हातावर ठेवले आणि मगच पिशवी उचलली. हिने विचारले, "एवढ्या उन्हात दोन फेऱ्या कशाला?" मी काहीतरी उत्तर दिले. दिवसभर त्या मुलाचा चेहरा मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला माझे वागणे अपमानाचे वाटले असावे, आणि मला त्याचे औदार्य.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्हा पोरांना प्रथम मौजच वाटली होती, कारण पाळीचा भोंगा बंद झाला आणि आबा दिवसाउजेडी घरी दिसू लागले. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, असे आता सगळीकडे लिहिलेले असते. आबांना गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पुन्हा घेतले नाही, त्यानंतर ते गावी गेले. त्याविषयी आज लिहिणार नाही.

लिहायचे आहे ते शेठच्या चोपडीविषयी. उधारी मागायला मोठी माणसे जात नसत. लहान पोराला शेठ फार बोलणार नाही, हा चाळीतल्या सगळ्याच आयांचा हिशेब होता, आणि आमच्या घरात ते लहान पोर मी होतो. तेलाची बाटली आणि पिशवी घेऊन मी दुकानाशी जायचो, पण रोख पैसे देणारी गिऱ्हाइके निघून जाईपर्यंत गुळाच्या ढेपेजवळ उभा राहायचो, आणि नेमके शेवटचे गिऱ्हाईक वळले की नवे कोणीतरी पायरी चढायचे. शेवटी शेठच विचारायचा, "काय रे, लिहायचं ना?" मी मान हलवायचो. पाव किलो तेल, किलोभर तांदूळ, चहापत्तीची पुडी, असे तो मोठ्याने उच्चारत लिहायचा. मोठ्याने उच्चारणे ही त्याची सवय असेल. हिशेबात चूक होऊ नये म्हणूनही असेल. मला तेव्हा वाटायचे की तो साऱ्या लालबागला ऐकवतो आहे.

दुपारपासून मन पुन्हा पुन्हा अडते ते इथेच. त्या माणसाने दिले म्हणून आम्ही जेवलो. संप मिटला की देऊ, एवढ्या शब्दावर गिरणगावातल्या कितीतरी वाण्यांनी घरेच्या घरे तोलून धरली, आणि त्यांपैकी अनेकांची बाकी कधीच वसूल झाली नसेल. आमची फिटली, पण कशी फिटली हे आईने कधी सांगितले नाही आणि तिच्या गळ्याकडे पाहून आम्हीही विचारले नाही. मग इतक्या वर्षांनंतर शेठची आठवण आली की कृतज्ञता आधी का येत नाही? आधी येते ती शरम, आणि तिच्या मागून, उशिरा, ओशाळल्यासारखी कृतज्ञता.

'सायन्स' साप्ताहिकात २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. तोडणीआधी, हातात पैसा नसताना, जो शेतकरी विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडे, तोच तोडणीनंतर पैसे मिळाल्यावर त्या अधिक चांगल्या सोडवी. दोष डोक्याचा नसून तंगीचा, हे वाचून तेव्हा फार बरे वाटले होते. पण माझी तोडणी होऊन कैक वर्षे लोटली. दर महिन्याला पगार येतो, घर स्वतःचे आहे, आणि तरी दुकानात गर्दी असली की मी आजही बाजूला उभा राहतो, खिशात पैसे असताना. ते घरदेखील कर्ज काढायचे नाही या हट्टापायी इतक्या उशिरा घेतले की मुलांचे अर्धे बालपण पागडीच्या एका खोलीत गेले. हिने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

रात्री जेवताना मात्र हसू आले. गेल्या महिन्यात धाकटीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून मी बँकेत गेलो होतो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने संगणकाकडे पाहत काळजीच्या सुरात सांगितले की माझा सिबिल स्कोअरच निघत नाही, कारण मी आयुष्यात कधी कर्ज घेतलेले नाही; माझ्या कर्जव्यवहाराचा काही इतिहासच नाही. ज्याच्या घरी महिनोन्‌महिने मीठसुद्धा लिहून आले, त्याला इतिहास नाही! शेठची चोपडी जपून ठेवली असती तर मी टेबलावर नेऊन आपटली असती.

धाकटीच्या मते यावर उपाय सोपा आहे: एक क्रेडिट कार्ड घ्यायचे, त्यावर किराणा आणायचा आणि वेळेवर बिल भरायचे. म्हणजे या वयात पुन्हा लिहून आणायचे, आणि तेही लोकांना विश्वास वाटावा म्हणून. अर्ज तिने आणून ठेवला आहे. खर्चाची मर्यादा किती हवी, या रकान्यात मी दहा हजार लिहिले. मघाशी पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिले, तर हिने त्यापुढे एक शून्य वाढवले आहे.