शेवटच्या ओळीतलं नाव

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या वरच्या मजल्यावर एक पोरगा भाड्यानं राहतो. स्वतः गाणी लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो. इंडी फोक म्हणतात म्हणे या प्रकाराला. कंपनी नाही, निर्माता नाही, सगळा एकहाती कारभार. खालच्या मजल्यावरून या कारभाराची जी बाजू ऐकू येते ती काही फार सुरेल नाही. कपाटाच्या दारांवर गोधड्या टाकून, खिडकीला सतरंजी लावून रेकॉर्डिंग चालतं. ओळ नेमकी जमून आली की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते, नाहीतर घंटागाडी येते. मग वरून एक शिवी ऐकू येते, तीही बऱ्यापैकी सुरात. आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून.

सोसायटीतल्या लोकांना एकच प्रश्न पडलेला असतो. “गातंय ते ठीक, पण करतंय काय?” तर शाळकरी पोरांच्या शिकवण्या घेतो, कोल्हापूर-पुण्याच्या कॅफेंत कार्यक्रम करतो, सराफाच्या जाहिरातीची चार ओळींची चाल बांधून देतो. या सगळ्यातून उरलेल्या वेळात तो गायक असतो.

मोबाइलवर गाणं टाकलं की पैसे सुरू, असा माझा समज होता. तसं नसतं. स्पॉटिफायवर ऐकणाऱ्यानं तीस सेकंद थांबायला हवं, तेव्हा कुठं ते एकदा ऐकलं असं धरतात. आणि 2024 पासून नियम असा, की वर्षभरात गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच नाहीत. म्हणून ही मुलं सुरुवातीचं संगीत कापतात आणि थेट शब्दावर येतात. आमच्याकडे तमाशात तीस सेकंदांत ढोलकीवाल्याची ढोलकी चढवूनसुद्धा होत नाही. मग गण, मग गवळण, मग बतावणी, आणि लावणीला तोंड फुटेपर्यंत बिड्या दोनदा पेटवून झालेल्या असायच्या.

मध्यंतरी त्याच्या गिटारची एक तार झणझणायला लागली. दुरुस्तीला मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. मला तेवढंच निमित्त. तिथं एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस अलगद फिरवायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडून कान द्यायचा, पुन्हा कानस. तार नुसती वाजून भागत नाही, ती भरून झणझणली पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप. आणि आमचा गडी झणझण घालवायला आलेला! त्यांनी गिटार उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “आम्ही जन्मभर जी आणतोय ती तुम्हाला काढायची व्हय?” मग तारेखाली हाडाची बारीक चकती सरकवून दोन मिनिटांत काढूनही दिली. पैसे घेतले नाहीत. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे वाद्याला गावाचं नाव आता कायद्यानं लागलं.

गाण्याला नाव लागणं मात्र अवघड होऊन बसलंय. कुणीतरी लग्नाआधीच्या फोटोशूटच्या व्हिडिओला वरच्या पोराची एक ओळ लावली. व्हिडिओ धो धो चालला. खाली लोक विचारतायत, गाणं कुणाचं? उत्तर कुणीच देत नाही. अॅपवर गीतकाराचं नाव असतं, पण तीन टिंबांच्या मागं. तिथवर बोट नेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मला यावर राहून राहून लावणीवाले शाहीर पठ्ठे बापूराव आठवतात. याच जिल्ह्यातलं वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष, 1866 चा जन्म, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरचं कुलकर्णीपण सोडलं आणि फड काढला. जातीनं वाळीत टाकलं. “पण करतंय काय?” हा प्रश्न त्यांच्या गावानंही विचारलाच असणार, जरा जास्त दातओठ खाऊन. लिहायचं स्वतः, उभं राहायचं स्वतः, पवळाबाईंबरोबर मुंबईची थिएटरं भरवायची. याला इंडी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? 1945 साली गेले, शेवटचे दिवस हलाखीत. म्हणजे पैशाचं गणित तेव्हाही सुटलेलं नव्हतं, उगाच जुन्या काळाचे गोडवे नकोत. पण एक बंदोबस्त त्यांनी चोख केला होता. लावणीच्या शेवटी नाव गुंफायचे. दुसऱ्या फडानं ती लावणी उचलली तरी नाव घेतल्याशिवाय तिला सम गाठता येत नव्हती. नाव कापावं तर यमक मोडतं.

नाव नसलं की काय होतं ते आपल्या राज्यगीतावरून कळतं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ शाहीर साबळ्यांचं, वाईजवळच्या पसरणीच्या गड्याचं, हे कुणीही सांगेल. 2023 पासून ते अधिकृत राज्यगीत झालं. लिहिलं कुणी विचारा, निम्मी सभा छताकडं बघते. राजा बढे. चाल श्रीनिवास खळ्यांची. साबळ्यांचा यात काही दोष नाही, आवाजच तसा होता.

कॉपीराइटचा कायदा आता पुष्कळ सुधारलाय. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला सरसकट लिहून घेता येत नाही. पण वाटा मिळायचा तर आधी गाणं कुणाचं ते कळायला हवं. म्हणून मी वरच्या पोराला म्हटलं, “तू पण शेवटच्या ओळीत नाव घाल की.”

“काका, लोक हसतील.”

“तुकोबांना हसले का?”

आठवडाभर वरून नुसती एकच ओळ ऐकू येत होती. नाव चार अक्षरी, चाल तीन मात्रांची, शेवटचं अक्षर दर वेळी बाहेर लोंबकळतंय. शेवटी त्यानं चालच बदलली. आता बसलंय म्हणतो. घोळ एवढाच, की आईला फोनवर ऐकवलं, तर तिला नाव आडनावासकट पाहिजे, आणि गावाचंही.