बी.ए. सायकॉलॉजीनंतर मी काय केलं

बारावीचे आणि टीवायचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. देवगड, राजापूर, कणकवली, कुठून ना कुठून ओळखीच्या ओळखीने नंबर मिळालेला असतो. "ताई, सायकॉलॉजी घेतलंय, पुढे नोकरी मिळते का?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मी सिंधुदुर्गातल्या एका सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. नोकरी कंत्राटी, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमचं घर देवगड तालुक्यातलं, आंब्याच्या कलमांची बाग, शिकायला मी रत्नागिरीला. तिसऱ्या वर्षी सगळेच पेपर सायकॉलॉजीचे होते: अ‍ॅबनॉर्मल, कॉग्निटिव्ह, इंडस्ट्रियल, काउन्सेलिंग, टेस्टिंग आणि स्टॅटिस्टिक्स, शिवाय प्रॅक्टिकल. आर्ट्सची मुलं स्टॅटिस्टिक्सला घाबरून असतात. माझ्या मते तोच पेपर मन लावून करावा, कारण एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत आणि नंतर कुठलीही चाचणी वापरताना तोच आडवा येतो.

गावाकडे सुट्टीला गेले की आमचे काका विचारायचे, "मगे तू औषधा देतलंस काय?" प्रश्न रास्त आहे. औषध लिहितो तो सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे आधी एम.बी.बी.एस. आणि मग त्या विषयातलं एम.डी. किंवा तत्सम शिक्षण. बी.ए. करून तिथे पोचता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधं न देता मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारा, मात्र होता येतं, पण नुसतं एम.ए. करून पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. आमच्या वेळी मार्ग एकच ठाऊक होता: एम.ए.ला ५५ टक्के आणि मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी मुदत वाढवत २०२५-२६ पर्यंत नेली. आता आरसीआयने बी.एस्सी. ऑनर्सपासून साय.डी. या डॉक्टरेटपर्यंत नवे अभ्यासक्रम आणले आहेत. त्यामुळे जुन्या सीनियरचा सल्ला, माझासुद्धा, प्रवेशाच्या वर्षी पुन्हा तपासून घ्या. फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्था, कोर्स आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे तिन्ही बघा. "घरबसल्या सायकॉलॉजिस्ट व्हा" असली जाहिरात दिसली तर पुढे चला. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने सायकॉलॉजी शिकवायलाच यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.

पुढे काय करायचं ते मी ठरवलं उलट्या बाजूने, आधी नोकऱ्या बघून. शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी प्रत्येकाला नोकरीच्या जाहिराती आणायला लावल्या आणि त्यातली फक्त पात्रतेची ओळ वहीत उतरवायला सांगितली. पदाचं नाव आणि पगार त्यांनी बघूच दिलं नाही. तासाभरात वर्गातलं वातावरण बदललं. नुसत्या बी.ए.वर फारसं काही नव्हतं. एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशकासारख्या काही पदांना पदवी आणि अनुभव चालत होता, बाकी एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. शाळेत विशेष शिक्षक व्हायचं तर बी.एड. स्पेशल एज्युकेशन आणि पुन्हा आरसीआय. ज्युनिअर कॉलेजला एम.ए., बी.एड. सीनियरला नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. माझी एक मैत्रीण एम.बी.ए. करून लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या एचआरमध्ये लागली आणि आमच्यात सगळ्यात आधी तिनेच स्वतःची स्कूटी घेतली. इंडस्ट्रियल सायकॉलॉजीला आपल्याकडे उगाच नाक मुरडतात.

मी कलिन्याला मुंबई विद्यापीठात एम.ए. केलं, विक्रोळीच्या आत्याकडे राहून. इंग्रजीतून वाचायची सवय लागेपर्यंत जीव मेटाकुटीला आला, पण खरं शिक्षण इंटर्नशिपला झालं. रुग्णाशी बोलून टिपण लिहायचं असतं. माझ्या एका टिपणात 'रुग्ण निराश आहे' असं वाक्य होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "हे तो म्हणाला की तुला वाटलं?" तो म्हणाला होता की जेवण समोर आलं तरी हात उचलावासा वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, "मग तेच लिही, त्याच्याच शब्दांत. 'निराश' हा निष्कर्ष आहे, तो खाली, वेगळा." आजही केसपेपर लिहिताना मी वर आणि खाली असे दोन भाग ठेवते.

एम.फिल.च्या जागा मोजक्या, एकेका संस्थेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. प्रवेश परीक्षा दिल्या, प्रतीक्षायादीत राहिले. घरी वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी परत आले. त्याचं दुःख उगाळत बसले नाही, कारण समुपदेशनाचं काम मला तेव्हाही आवडत होतं.

जिल्ह्यात किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची जाहिरात निघाली. २०१४ पासून देशभर असलेला हा कार्यक्रम १० ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे आणि आपल्याकडे त्याच्या दवाखान्यांना 'मैत्री' म्हणतात. कागदपत्रांत अधिवास, प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, अनुभवाचा दाखला. दाखल्यावर जावक क्रमांक आणि तारीख नसेल तर तो टेबलावरूनच परत येतो, तेव्हा इंटर्नशिप संपते त्याच दिवशी नीट दाखला मागून घ्या. मुलाखतीत पुस्तकी व्याख्या कुणी विचारली नाही. विचारलं ते असं: सोळा वर्षांची मुलगी गरोदर आहे, कुणाला सांगू नका म्हणते, काय कराल? पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून गुप्ततेची हमी देतानाच त्या हमीच्या मर्यादा पहिल्या भेटीत सांगायच्या, आणि कळवणार असू तर ते आधी मुलीला समजावून, तिला एकटं न सोडता. मी एवढंच सांगितलं.

कामाचं म्हणाल तर माझं सेशन एसटीच्या वेळेवर चालतं. चारची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी, म्हणून साडेतीनला मुलाची नजर दाराकडे जायला लागते. "उद्या परीक्षा आसली काय पोटात गोळो येता," इथपासून सुरुवात होते आणि मग हळूहळू झोप, मोबाइल, गुटखा, पाळी, मुंबईला असलेला बाप असं एकेक निघतं. घरच्यांनी बरेचदा आधी देवाला कौल लावलेला असतो. मी त्यावर वाद घालत नाही. कौल लावा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका, एवढं दोनदा सांगते. गंभीर वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे, पण त्या नावाने आयांचे चेहरे उतरतात, तेव्हा आधी जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीचा कागद देते. रात्री-अपरात्री काही झालं तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लावते.

कंत्राटाचं नूतनीकरण दर वर्षी होतं, आणि बाग आहे म्हणून मला ते परवडतं. ज्यांच्या घरी दुसरं उत्पन्न नाही त्यांनी आधी बी.एड. किंवा सेट हातात ठेवावं, मग आवडीचं काम शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः सेटचा अभ्यास आंब्याचा मोसम संपल्यावर सुरू करणार आहे.