आजींचं फाटक आणि पैनगंगेवरचा नाका

मंडळी, परवा संध्याकाळी शेजारच्या आजींच्या दारात एक माणूस उभा होता. इंग्लंडमध्ये घरी टीव्हीवर थेट प्रक्षेपण पाहायचं तर दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागतात. तो ते तपासायला आलेला. आजी ऐंशीच्या पुढच्या, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने दार धरलेलं. त्यांनी विचारलं, "वॉरंट आहे?" तो म्हणाला, "नाही." "मग आत येऊ नका." तो पायऱ्या उतरला आणि फाटक नीट लावून गेला.

मी कचऱ्याचा डबा धरून तसाच उभा राहिलो. डोळ्यांपुढे आमचा नाका आला.

1994 चा हंगाम, मी दहा वर्षांचा. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार योजना होती. कास्तकाराने कापूस सरकारलाच द्यायचा, ग्रेडर म्हणेल ती प्रत मानायची आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादला व्यापारी रोख मोजत होते. बाबांनी रात्री बंडी जुंपली, बैलांच्या घुंगरमाळा घरीच काढून ठेवल्या. मी कापसावर झोपलेलो. जाग आली ती तोंडावरच्या बॅटरीच्या उजेडाने. स्वतःच्या वावरातल्या, मायने वेचलेल्या कापसासाठी बाबा हात जोडून उभे होते. "साहेब, कर्जाचा हप्ता भराचा हाये जी." बंडी माघारी फिरली. तिथे काय देऊन सुटले, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

आजींच्या त्या प्रश्नामागे जुनी लढाई आहे. 1762 मध्ये राजाची माणसं जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात घुसली, चार तास पेट्या-कपाटं उचकली, कागद घेऊन गेली. हातात मंत्र्याचा हुकूम होता. एंटिकने दावा लावला आणि 1765 मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला की असा अधिकार देणारा कायदाच नाही, मग हुकूमही चालणार नाही.

माझी बोच मात्र पुढची आहे. आमच्या नाक्यावरच्या माणसाजवळ कायदा होता, विधिमंडळाने केलेला. बाबांनी विचारलं असतं तर त्याने तो दाखवलाही असता. म्हणून वावराला असतो तसा धुरा, म्हणजे बांध, कायदा करणाऱ्यालाही पाहिजे. घटनेच्या कलम 301 ने देशभर व्यापार मोकळा ठेवला, पण पुढच्या कलमांनी लोकहितासाठी निर्बंधांची वाटही ठेवली. बाबांची बंडी त्या वाटेत अडकली. कास्तकाराला व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवायचं, हा योजनेचा हेतू खरा होता. भावाची हमी देणारं सरकार मला आजही हवं आहे. पण त्याने दुसरं दार का बंद करावं?

रविवारी फोनवर बाबांना आजींची गोष्ट सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् जाताना फाटकबी लावलं त्यानं?"