तुम्ही विचारलंत म्हणून: बूट कुठून घेता?

लग्नात, बँकेच्या रांगेत कुणीतरी माझ्या पायांकडे बघतं आणि हळूच विचारतं, "ताई, हे बूट कुठून घेतलेत?" विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा माझ्यासारखं कुणीतरी असतं. म्हणून नीट सांगते.

१९७४ साली, दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड राहिला, पाऊलही लहान. स्प्लिंटसकट, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या साच्यासकट, डाव्याला ५ नंबर लागतो, उजव्याला ७. बूट मात्र जोडीनेच विकतात. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन जोड्या घेते आणि प्रत्येकीतला एक पडून राहतो. खर्च दुप्पट, पण मोठ्या बुटात कापूस कोंबून काढलेली शाळेची वर्षं आठवली की तो खर्च मला सलत नाही.

दुकानात आधी बूट वाकवून बघते. तो बोटांपाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर परत ठेवते. टाचेमागचा भाग दाबून दबता कामा नये. आतली गादी निघणारी हवी, नाहीतर स्प्लिंट मावत नाही. खरेदी संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना.

पुढचं काम स्टेशनबाहेर बूट दुरुस्त करणाऱ्या काकांचं. बुटाच्या आत सेंटिमीटरभरच उंची मावते, जास्त घातली की टाच निसटते. बाकीचे दोन सेंटिमीटर काका तळाखाली चढवतात, हलक्या मायक्रोसेल्युलर रबराचे, बोटांकडे उतरते करत. पूर्वी एका दुकानात जड रबर लावून मिळालं होतं. दुपारपर्यंत मांडी भरून यायची. पहिल्यांदाच करून घेणार असाल तर माप मात्र ऑर्थोटिस्टकडूनच, म्हणजे स्प्लिंट आणि खास बूट बनवणाऱ्या तज्ज्ञाकडूनच घ्या. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत हे काम होतं.

खरी अडचण येते उंबऱ्यापाशी. बूट काढले की ते तीन सेंटिमीटर परत येतात, कंबर कलते, आणि दिवसभर तसं वावरलं की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून काकांकडून आणखी एक जोडी करून घेतली, कधीच बाहेर न वापरलेली. कुणाकडे जाताना ती पिशवीत असते. सासूबाईंना सुरुवातीला हे जड गेलं, स्वयंपाकघरात तर फारच. आता पाहुण्यांची नजर माझ्या पायांकडे गेली की त्याच सांगतात, "ती घरातलीच जोडी आहे."