सव्वीस दिवसांचा डबा

आम्ही बारा-तेरा जणी आहोत. बहुतेक निवृत्त, दोघी-तिघींची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, त्यामुळे वेळच वेळ. ज्या घरात तान्हं मूल आहे आणि आईच्या मदतीला कोणी नाही, अशा घरी आठवड्यातून दोनदा जायचं, एवढंच आमचं काम. संस्था म्हणायला मी कचरते. जाऊन काय करतो? बाळ धरतो. तेवढ्यात बाई अंघोळ करते, केस विंचरते, पाणी भरून आणते. पहिल्या वर्षी मी सल्ले फार द्यायचे. मग एकीनं मला सरळच सांगितलं, "ताई, सांगू नका. जरा पोरगं घ्या."

मंगलकडे (नाव बदललं आहे) मी ऑगस्टपासून जात होते. मूळची सुरगाणा तालुक्यातली. नाशिकला पंचवटीत पेठ रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक खोली. नवरा इथे असला की सकाळी नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते बिगारी काम करतो. ऑक्टोबर लागला की टोळीबरोबर निफाडकडच्या द्राक्षबागांत. गोडी छाटणी (फळासाठीची), लगेच काडीला डोळे फुटायची पेस्ट, मग फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढणं, एकामागून एक कामं निघतच राहतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती बाळंतपणात आणि पावसाळ्यात संपलेली. फिटेपर्यंत मध्येच निघून येता येत नाही. म्हणजे इथे मंगल, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांची मुलगी. सकाळी मंगल दोन घरची धुणीभांडी करायची, तेवढा वेळ शेजारची आजी मुलीला बघायची.

त्या मंगळवारी माझ्याबरोबर अंगणवाडी सेविका होत्या. मागच्या दोन्ही महिन्यांत वजनाच्या दिवशी मंगल कामावर होती, वजन राहून गेलेलं, म्हणून त्या काटा घेऊन घरीच आल्या. मी नेहमीसारखी मुलीला मांडीवर घेतलं. सेविकाबाईंनी तिच्या डाव्या हाताचं झबलं वर सारलं, खांदा आणि कोपर यांचा मध्य बोटानं धरला आणि तिथे पट्टी गुंडाळली. ही पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दोन बोटं रुंद, तीन रंगांची. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरापर्यंत पिवळा, त्याखाली लाल. खुणेसमोर लाल आला. ११.०. पट्टी सोडली, पुन्हा लावली. ११.१. काट्याच्या झोळीत वजन भरलं ५ किलो १००. मग त्यांनी मुलीच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबले, तीनपर्यंत मोजलं, उचलले. खड्डा पडला नाही. "सूज नाही, तेवढं बरं," असं म्हणून त्या मोबाइलवर नोंद करू लागल्या.

मी तशीच बसून होते. आठवड्यातून दोनदा, दोन महिने मी या मुलीला मांडीवर घेत होते. हलकी आहे हे हातांना कळत असणारच, पण हलकं बाळ नाजूक वाटतं, गोड वाटतं. रडत नाही म्हणून मी तिचं कौतुकही केलं होतं. "किती शहाणी आहे गं तुझी लेक!" रडायला अंगात ताकद लागते हे मला कोणी सांगायला हवं होतं का? मीही दोन मुलं वाढवली आहेत.

सेविकाबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय काय देतेस हिला?"

रात्री अंगावर पाजते, सकाळी चहात बुडवून बिस्कीट, आणि दिवसा डबा, मंगल म्हणाली. फळीवर दूध पावडरीचा डबा होता. "करून दाखव बरं," बाईंनी सांगितलं.

तिनं स्टोव्ह पेटवला. बाटली आणि बूच आधी उकळत्या पाण्यातून काढलं, चिमट्यानं. पाणी चांगलं उकळू दिलं, निवू दिलं. सेविकाबाई मान हलवत होत्या, इतकं नीट कोणी करत नाही. मग तिनं डबा उघडला, आतल्या छोट्या चमच्यानं एक चमचा पावडर घेतली, चाकूच्या पाठीनं वरची सारखी केली, कणही सांडू दिला नाही, आणि भरलेल्या अडीचशेच्या बाटलीत टाकली. एकच चमचा. बूच लावून हलवलं, उजेडात धरलं.

"बघा, झालं पांढरं." आणि लगेच माझ्याकडे वळून, "ताई, डबा संपत आलाय. दुसरा मिळंल का?"

माझ्याकडे वळली, कारण डबा मीच दिला होता. गटातल्या एकीच्या नातीचा पहिला वाढदिवस होता, तिनं पैसे दिले, आम्ही पाच डबे घेतले, पाच घरी दिले. गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. पावती फाइलला लावलेली, तारखेसकट. बँकेत अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळे आकडा दिसला की माझा भागाकार आपोआप सुरू होतो. तीस मिली पाण्याला एक चमचा. भरलेल्या बाटलीला आठ. त्या मापानं अर्ध्या किलोचा डबा तीन-चार दिवसांत उडतो. तिनं तो सव्वीस दिवस पुरवला होता.

डबा दिला त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "पाणी किती घालू?" मी बाहेर पडायच्या घाईत होते, सिटीलिंकची बस चुकली की पुढची कधी येईल याचा नेम नाही. "डब्यावर लिहिलंय सगळं," म्हणून मी चपला घातल्या. डब्यावर लिहिलं होतंच, बारीक इंग्रजीत. मंगल चौथी शिकली आहे.

आणि ही निम्मीच गोष्ट. "दूध पुरत नाही असं वाटतं" म्हणाली होती, म्हणून तर डबा. बाळ ओढेल तितकं दूध येतं. दिवसा बाटली सुरू झाली, ओढणं कमी झालं, मग दूध खरंच कमी झालं. तिला हवा होता सातव्या महिन्यात घट्ट वरण-भात कालवून भरवायला मोकळा हात, आणि आम्ही दिली पावडर. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळलं की अनाथालय सोडून कोणालाही असे डबे किंवा बाटल्या दान द्यायला १९९२च्या कायद्यानं मनाईच आहे. आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकले होते.

सेविकाबाई म्हणाल्या, भरती करावं लागेल. सरकारी दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात, सगळे त्याला एनआरसीच म्हणतात. चौदा दिवस, आईनं सोबत राहायचं.

मंगल म्हणाली, "नाय जमणार."

बाईंचा आवाज चढला. मूल हातचं जाईल, तुला कळत नाही का, वगैरे. चढणारच, नोंद लाल झाली की त्यांनाही वरून विचारणा होते. मंगल खाली बघत बाटलीचं बूच घट्ट करत राहिली. तिला कळत नाही असं मला क्षणभरही वाटलं नाही. सव्वीस दिवस चमचा चाकूनं सारखा करणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही?

मी म्हटलं, "कशाकशानं अडतंय, एकेक सांग."

ती एकेक बोट दुमडत गेली. पोरगा, त्याला दवाखान्यात आजारी मुलांमध्ये कसं ठेवू? दोन घरची कामं, चौदा दिवस गेले नाही की दुसरी बाई लागणार. पाच तारखेला भाडं. मालकांना (म्हणजे नवऱ्याला) फोन लागत नाही, बागेत रेंज नसते. भरती असलेल्या मुलाच्या आईला सरकारकडून बुडीत मजुरी मिळते हे तिला माहीत होतं, पण ती खात्यात आणि नंतर. चार बोटं दुमडून झाली आणि ती थांबली. चारच होती. मला वाटलं होतं, भगत, देवऋषी, सासू, काहीतरी निघेल. काही नाही, सरळ चार गोष्टी.

मग पुढचे दोन तास मी फक्त फोन केले. अंगणवाडीच्या मदतनीस म्हणाल्या, पोरगा दुपारी एकपर्यंत माझ्याकडे, खिचडी इथेच खाईल. रात्री शेजारची आजी. मधली दुपार ते संध्याकाळ मी. आमचा नियम आहे, कुणाचं मूल आपल्या घरी न्यायचं नाही, म्हणून मीच तिच्या खोलीत येऊन बसायचं. भाड्याचे पैसे गटातून. कामाच्या एका घरी लगेच हो म्हणाले. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, चौदा दिवस म्हणजे मला दुसरी बघावी लागेल. यावर आमच्यातली एक, निवृत्त मुख्याध्यापिका, "मी जाते बदली म्हणून" म्हणाली आणि खरोखर गेली. पगार मंगलच्याच हातात द्यायचा ही अट घालून. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणते, "कढई घासून घासून खांदा गेला गं."

तीन वाजता रिक्षा आली. पिशवीत दोन लुगडी, झबली, आधार कार्ड, बाळाचं लसीकरणाचं कार्ड. मंगलनं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. पोरगा उंबऱ्यात बसलेला, रडला नाही, काही विचारलंही नाही. रिक्षा वळली तसा तो आत पळाला आणि ती पांढऱ्या पाण्याची बाटली घेऊन रिक्षामागे धावत सुटला, "आई, बाळाची राहिली, बाळाची राहिली!" मी त्याला कोपऱ्यावर गाठलं. हातातून बाटली सोडेना.

दवाखान्यात चौदाचे सोळा दिवस झाले. पहिले काही दिवस वजन हललंच नाही, मग रोज थोडं थोडं. निघताना ५ किलो ७४०. सातव्या दिवशी नवरा एका रात्रीची सुटी घेऊन आला, बोटांना पेस्टचे डाग तसेच. माझ्याशी काही बोलला नाही, पोराला खांद्यावर घेऊन वस्तीत दोन चकरा मारल्या आणि पहाटेच्या गाडीनं बागेवर परत गेला.

उरलेल्या चार घरी मी त्याच आठवड्यात जाऊन आले. दोन डबे न उघडलेले होते. तिसरा पाहुण्यांच्या चहाला वापरून संपला होता, तेव्हा मला हायसं वाटलं. चौथ्या घरी बाई म्हणाली, "लई पुरतो ताई, महिना झाला." मी चप्पल काढून आत गेले आणि म्हटलं, "करून दाखव बरं."