बस आत जाईल, पण वळणार कुठं?

"मॅडम, बस आत जाईल हो. पण वळणार कुठं?"

ऑक्टोबरातली सकाळ. बोरी बुद्रुकच्या अलीकडे दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधे जेमतेम एका गाडीपुरता रस्ता. ड्रायव्हरदादा खाली उतरून रस्त्याकडे बघत होते आणि मी माझ्या वहीकडे. वहीत सात स्टॉप लिहिले होते. प्रत्येकापुढे अक्षांश-रेखांश, खडकाचं वर्णन, काय दाखवायचं, किती मिनिटं. बस कुठे वळणार हा रकानाच नव्हता.

जानेवारीत पुण्यात एक परिषद होती आणि तिला जोडून एक दिवसाची फील्ड ट्रिप काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. भूशास्त्राच्या परिषदेत व्याख्यानं लोक विसरतात, ट्रिप विसरत नाहीत. जेवण खराब होतं हे तर वीस वर्षांनीही सांगतात. त्यामुळे हे काम कोणी आपणहून घेत नाही. बैठकीत मी पाणी प्यायला उठले होते, परत आले तेव्हा इतिवृत्तात माझं नाव होतं.

पुण्याहून ट्रिप म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घाट येतो. लोणावळा, वरंध, नाहीतर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर. त्याला कारण आहे. दख्खनच्या लाव्हाथरांना भूशास्त्रात जी नावं आहेत ती आपल्याच गावांची आहेत: नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी. परदेशातून आलेला माणूस ही नावं वर्षानुवर्षं शोधनिबंधांत वाचत असतो. मागे एका ट्रिपला एक वयस्क पाहुणे एसटीवरची 'पोलादपूर' ही पाटी मी वाचून दाखवल्यावर हरखून गेले आणि कंडक्टरला शेजारी उभं करून त्यांनी फोटो काढला. त्यांच्या लेखी ते तालुक्याचं गाव नव्हतंच, आलेखावरचा एक ठिपका होता.

पण घाटात ३४ माणसं नेऊन उभी करायची कुठे? रोडकट, म्हणजे रस्त्यासाठी डोंगर कापून उघडा पडलेला कातळ, तो वळणावर, आणि वळण म्हणजे ट्रक. २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, ते इथलं कोणी विसरलेलं नाही. शिवाय आवडते रोडकट एकेक करून जाळीखाली आणि सिमेंटच्या फवाऱ्याखाली चालले आहेत. दरड कोसळू नये म्हणून ते करतात, बरोबरच आहे. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र जाळीतून खडक बघावा लागतो.

म्हणून मी कुकडी नदी धरली. नारायणगावच्या पुढे बोरी, मग आणे घाटातला गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल, तिथून निघोजचे रांजणखळगे आणि शिरूरमार्गे परत. एकच नदी, पण बोरीला ती पसरून जाड गाळ टाकते आणि खाली निघोजला त्याच नदीने कातळ खोल कोरला आहे. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून त्यांनी बसाल्टमध्ये अक्षरशः रांजण घडवलेत. दिवसभरात नदीचे दोन स्वभाव दिसतात, ही माझी कल्पना. कागदावर फार सुंदर दिसत होती.

पहिल्या रेकीला कागद संपला. नकाशाच्या ॲपने आम्हाला आधी बोरी खुर्दला नेलं. मग बुद्रुकला पोचलो तर ज्या दरडीत राखेचा थर दाखवायचा ती पावसाने ढासळून गवताखाली गेलेली. वर बाभळी, खाली चिखल. सातापैकी दोन स्टॉप तिथेच गळाले. पंचेचाळीस सीटची बसही गळाली आणि तिच्या जागी दोन टेम्पो ट्रॅव्हलर आल्या. खर्च वाढला. खजिनदारांनी विचारलं, "एवढं काय आहे तिथे?" मी म्हटलं, "राख."

ही राख आपली नाही. दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्यावरच्या नदीच्या गाळात हा पांढुरका थर. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, तीन हजार किलोमीटरहून लांबून वाऱ्यावर आलेली. चिमटीत धरली तर राखुंडीसारखी लागते. भिंगाखाली धरा, म्हणजे काचेच्या बारीक चकत्या दिसतात, काही वाकड्या, काही इंग्रजी वाय अक्षरासारख्या. हे बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे. लाव्हा फेसाळून फुटला तेव्हा बुडबुडे जिथे एकमेकांना टेकले होते तिथला तो कोपरा. वर्गात मी हे फळ्यावर शंभरदा काढलंय. पण दरडीपुढे उकिडवं बसून भिंग डोळ्याला लावलेला माणूस जेव्हा "अरे!" म्हणतो, तेव्हा दोन ट्रॅव्हलरचे पैसे वसूल होतात.

डिसेंबरच्या रेकीला विभागाच्या स्टोअरमधून फावडं सही करून घेतलं. गवत पिवळं पडून बसलं होतं, चिखल वाळला होता. मी आणि दोन विद्यार्थी दरड साफ करत होतो तेव्हा शेजारच्या वावरातले आजोबा आले आणि बांधावर बसून बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, ही पांढरी माती होय? आमची आई भांडी घासायची हिनं." मग स्वतःच उठले, माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि मी तासाभरात केलं होतं त्याच्या दुप्पट पाच मिनिटांत करून दाखवलं. "धार लावा जरा याला," असंही सुनावलं.

त्याच दिवशी निघोजला गेलो तर खळगे पाण्याखाली. वरून पाणी सोडलेलं. मी पत्रं लिहिली होती ग्रामपंचायतीला, पोलीस ठाण्याला कळवलं होतं, खळग्यांच्या कडेला कोण कुठे उभं राहील याचा आराखडाही काढला होता. नदीला पाणी कधी येणार हे एवढंच विचारलं नव्हतं. कुंडावरच्या चहावाल्याने हसून सांगितलं, "आवर्तन बघून यायचं ना!" आवर्तन म्हणजे पाणी सोडायची पाळी. त्याचा नंबर घेतला. ट्रिपच्या आधीच्या आठवड्यात त्याला चार वेळा फोन केला, आणि चौथ्या वेळेला तो म्हणाला, "ताई, पाणी आलं तर मीच मिस्ड कॉल देतो, तुम्ही झोपा."

आता एक विषय, जो कुठल्याही गाइडबुकात नसतो. ३४ जणांत १३ बायका. सकाळी सहाला पुणं सोडायचं, बोरीला नऊ-सव्वानऊ. पुरुष मंडळी निर्धास्त असतात, झाडामागे गेलं की झालं. पण हा जुन्नर तालुका आहे. इथल्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. आडोसा म्हणून उसात शिरू नका, ही सूचना मला ध्वनिक्षेपकावरून पुरुषांनाही द्यावी लागली आणि सुरुवातीला सगळे हसले. मग मी शांतपणे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राबद्दल सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. नारायणगावच्या एका हॉटेलमालकाशी आधी बोलून ठेवलं होतं: तीस चहा-नाष्टे नक्की, त्या बदल्यात स्वच्छतागृह चकाचक हवं. त्याने बाहेर नवा साबण ठेवला होता. मला वाटतं, त्या दिवसातलं माझं सर्वात यशस्वी नियोजन ते होतं.

हातोडे बंद, हेही आधीच कळवलं होतं. भूशास्त्राच्या माणसाला हातोडा बाहेर ठेवा म्हणणं म्हणजे वारकऱ्याला टाळ ठेव म्हणण्यासारखं. पण ३४ जणांनी एकेक पिशवी राख नेली तर पुढच्या वर्षी मी काय दाखवू? एकच नमुना मी आधी काढून डब्यांत भरून ठेवला होता, ज्याला हवा त्याला एक डबी. फोटो फिल्मच्या जुन्या डब्या, आमच्या विभागात अजून पोतंभर आहेत.

ट्रिपच्या दिवशी चाकणचा चौक सहा चाळीसला ओलांडला. नारायणगाव, चहा, साबण, सगळं वेळेवर. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागलं, ते गृहीत धरलं होतं. सव्वानऊला बोरी. आजोबा आधीच येऊन बांधावर बसले होते, धुतलेला सदरा घालून.

बोरीला मी पन्नास मिनिटं ठेवली होती. वीस मिनिटांत माझं सांगून झालं. राखेच्या सोबतच्या गाळात दगडी हातकुऱ्हाडी सापडल्यात, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे कसं काम केलं, आणि राखेच्या वयाचा घोळ: १९८० च्या दशकाच्या शेवटी एका मोजणीत ते १४ लाख वर्षं आलं, १९९० च्या दशकात दुसऱ्या मोजणीत पावणेसात लाखांच्या आसपास, आणि काहींनी काचेच्या रसायनावरून ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची ठरवली. राख जुनी की नवी यावर त्या हातकुऱ्हाडी धरणारा माणूस कुकडीकाठी केव्हा होता हे अवलंबून. मी एवढं बोलून "काही प्रश्न?" असं विचारलं. इथे चुकले.

एक गृहस्थ खिशातून छोटी सुरी काढून दरडीपुढे गुडघ्यावर बसले आणि राखेची खालची कड साफ करू लागले. कड सुरीने कापल्यासारखी सरळ निघाली. "बघा," ते म्हणाले, "ही वरून पडलेलीच आहे." मागून एक बाई, आवाज अगदी मऊ: "आणि वरची कड?" त्यांनी सुरी मागून घेतली. वरची कड धूसर होती, राख आणि माती एकमेकांत कालवलेली, मधे बारीक खडे. "ही नदीने उचलून पुन्हा टाकली आहे. कुठून उचलली, केव्हा, हे तुम्हाला कसं माहीत?" झालं. दहा मिनिटांत तिथे दोन पक्ष पडले. कोणी वहीत आकृती काढून दाखवतंय, कोणी आडवं होऊन गाळ हुंगतंय. एक तरुण मुलगा, ज्याचं त्यावर काहीच काम नाही, तोही तावातावाने बोलत होता. माझे विद्यार्थी, जे वर्गात मागच्या बाकावर बसून मोबाइल बघतात, ते पुढे घुसून ऐकत होते.

मी घड्याळ बघितलं. पन्नास मिनिटं संपून पस्तीस झाली होती वर. माझ्या एका हातात वेळापत्रक आणि दुसऱ्या हातात शिट्टी. शिट्टी वाजवायची की नाही?

२०२० च्या मार्चमध्ये दिल्लीला ३६ वी आंतरराष्ट्रीय भूशास्त्र काँग्रेस व्हायची होती. आपल्याकडे ती आधी एकदाच झाली होती, १९६४ मध्ये. देशभर ट्रिपा ठरत होत्या, रेकी होत होत्या. मग कोविड आला आणि २०२२ च्या मार्चमध्ये तीन दिवस पडद्यावर परिषद उरकली. व्याख्यानं पडद्यावर झाली. दरडीपुढे बसून एकमेकांच्या हातातली सुरी मागणं पडद्यावर होत नाही. एका सहकाऱ्याने त्या वेळच्या तयारीची फाइल मला दिली होती, परवानगीच्या पत्रांचे नमुने त्यातलेच वापरले मी. ती फाइल बॅगेत होती. मी शिट्टी खिशात घातली.

गुळुंचवाडी गेली. ज्यांनी ओढ्याने पोखरलेला तो पूल बघायचा म्हणून नाव नोंदवलं होतं त्यांच्यातल्या दोघांनी नंतर तक्रार केली, आणि ती रास्त होती. मासवडीचं जेवण दोनला झालं, थंड. मासवडीत मासा नसतो हे सहा शाकाहारी पाहुण्यांना पटवण्यात आणखी दहा मिनिटं. निघोजला पोचेतो ऊन कलंडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच खळग्यांच्या आतल्या भिंती उजळल्या होत्या. गोट्यांनी घासून केलेली वळणं बोटाने मोजता येतील इतकी स्पष्ट. हे मी योजलेलं नव्हतं, माझ्या वेळापत्रकात ते बाराचं टळटळीत ऊन होतं. पाणी नव्हतं. चहावाल्याने दुरूनच हात केला.

परतीला वाघोलीत जे व्हायचं ते झालं, दीड तास एका जागी. आमच्या गाडीत सुरीवाले गृहस्थ आणि त्या बाई एकाच सीटवर बसून जेवणाच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर काहीतरी आखत होते. ड्रायव्हरदादांनी आरशातून बघत मला हळूच विचारलं, "मॅडम, यांचं मिटलं का?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षी बोरीला जास्त वेळ धरा," ते म्हणाले. "आणि त्या आजोबांच्या खळ्यात गाडी वळते. मी बघून आलोय."

वहीत नवा रकाना आखून ते लिहून घेतलं. फावडं मात्र तिथेच राहिलंय. स्टोअरमधून आतापर्यंत तीनदा विचारणा झाली आहे. आजोबांना फोन केला तर म्हणाले, त्याला धार लावून ठेवलीय, घेऊन जा कधीही.