मनगटावरचे चंदन

चंदनाचा वास आपल्याला पुरता ठाऊक आहे, असे मला चाळिशीपर्यंत वाटत होते. नौपाड्यातल्या आमच्या घरी आई रोज सकाळी सहाणेवर पाण्याचे चार थेंब घालून खोड उगाळते, आणि त्या ओल्या, गार, किंचित दगडी वासालाच मी चंदन म्हणत आलो होतो.

तेल अंगाला लावायचे ठरवले, तेव्हा आधी फसगत झाली. पहिली कुपी स्वस्तात मिळाली आणि बूच काढताच तिचा वास खोलीभर पसरला, म्हणून मी खूश झालो. पण दोन तासांनी मनगटावर उरला तो साबणाचा गोडसर, कोरडा दर्प. पुढे शुद्ध तेलाची ३ मिलिलिटरची कुपी घेतली. फिकट पिवळे, खोबरेलाहून दाट असे ते तेल लावल्याक्षणी नाकाला जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि या खेपेला पैसे पाण्यात गेले असेच मला वाटले. वास्तविक ही त्याची रीतच आहे. या तेलाचा बहुतांश भाग म्हणजे सँटालॉल हा सुगंधी घटक. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यातला अल्फा प्रकार ४१ ते ५५ टक्के आणि बीटा प्रकार १६ ते २४ टक्के असावा लागतो. हे रेणू जड असल्यामुळे सावकाश उडतात. कनौजचे अत्तरवाले गुलाब-मोगऱ्याची वाफ परंपरेने चंदनतेलातच मुरवत आले, ते याच गुणामुळे.

सकाळी ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये, घामाने मनगट ओलसर झाले की वास उमलू लागतो. आधी लाकूड, मग साय धरलेल्या दुधासारखे काहीतरी स्निग्ध, आणि त्याखाली अगदी बारीक, उबदार गोडवा. शेजारी उभ्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. (गर्दीच्या डब्यात हे उपकारच म्हणायचे.) थोड्या वेळाने तो मलाही येईनासा होतो, कारण नाक सरावते, आणि दुपारी फाइल उचलताना हात तोंडाजवळून गेला, की तो अचानक पुन्हा भेटतो. अंगभर दरवळणारा सुगंध ज्यांना हवा, त्यांनी यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे मात्र बरेच लागतात. तेल असते ते गाभ्यात आणि मुळांत. झाडाचा गाभा भरायला दशके जातात, आणि मुळे वाया जाऊ नयेत म्हणून झाड तोडत नाहीत, उपटतात. पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारे लाकूड अडून पडले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने हे तेल स्वतःच गाळायला घेतले, आणि तेव्हापासून म्हैसूरचे नाव त्याला चिकटले ते आजतागायत.

आईला मी मनगट हुंगायला दिले. तिने दोनदा हुंगले आणि म्हणाली, "हे आपल्या खोडासारखं नाही रे, यात पाणी नाही." मला महिनाभर जे नेमके सांगता येत नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

आता मी तेल मनगटाऐवजी कोपराच्या आतल्या घडीत लावतो. दिवसातून दहा वेळा हात धुतले तरी तिथला थेंब रात्रीपर्यंत टिकतो, आणि सदऱ्याची बाही दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना जीवावर येते.